प्रवेश देणे आहे

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या महामार्गांवर बियाण्यांच्या फलकांशेजारी काळ्या टोप्या हवेत भिरकावणारी मुले उगवतात. फलकाच्या एका कोपऱ्यात संस्थापकांचा फोटो, दुसऱ्यात विमानतळासारखी दिसणारी इमारत आणि मध्ये ‘क्रमांक एकचे’ महाविद्यालय. नाशिकहून पुण्याला येईपर्यंत क्रमांक एकची इतकी महाविद्यालये लागतात की दुसऱ्या क्रमांकाचे काढायला अजून कोणी पुढे आलेले नाही, हे उघड आहे.

वर्तमानपत्रेही या कार्यात मागे नसतात. शिक्षणविषयक पुरवणीच्या पहिल्या पानावर ‘जाहिरातींना भुलू नका’ असा तज्ज्ञांचा लेख असतो आणि त्याच्याच पाठीवर पानभर जाहिरात असते. हे सदरही अशाच एखाद्या जाहिरातीच्या कडेने छापले जाईल. वाचकांनी तिकडे दुर्लक्ष करू नये. संपादकांचा पगार तिथून येतो.

हा बाजार आपोआप भरलेला नाही. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर पुण्याच्या सीओईपीत, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये किंवा सांगलीच्या वालचंदमध्ये नंबर लागला नाही, तर ऐपतवाला बाप मुलाला घेऊन कर्नाटकात जाई आणि तिथे डोनेशन भरून येई. मराठी माणसाचा पैसा परराज्यात का जावा, हा विचार बिनतोड होता. एमआयटी, व्हीआयटी आणि पीआयसीटी या पुण्यातल्या तीन संस्था त्याच एका वर्षातल्या. सरकारला पैसे द्यायचे नव्हते, फक्त परवानग्या द्यायच्या होत्या, आणि त्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने हात कधी आखडता घेतलेला नाही. पुढे ज्यांच्याकडे साखर कारखाना होता त्यांच्याकडे कॉलेजही आले. उसाचा हंगाम दिवाळीनंतर आणि प्रवेशाचा जूनमध्ये, त्यामुळे वर्षाचा कोणताच काळ रिकामा जाण्याची भीती उरली नाही.

देणग्यांचा ओघ असा वाढला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. तेव्हापासून महाराष्ट्रात डोनेशन कोणीही घेत नाही. लोक देतात, एवढेच. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात आणि २००५ च्या इनामदार खटल्यात आणखी स्पष्ट केले की खासगी संस्थेने वाढीसाठी वाजवी शिल्लक जरूर ठेवावी, पण नफेखोरी करू नये. संस्थाचालकांनी हा आदेश शिरसावंद्य मानला. जी काही शिल्लक पडते ती वाजवीच असते.

२०१५ च्या कायद्याने राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आले. महाविद्यालयाने खर्चाचे हिशेब सादर करायचे, प्राधिकरणाने ते तपासून शुल्क ठरवायचे आणि तो आकडा संकेतस्थळावर टाकायचा. त्यामुळे मंजूर शुल्क किती, हे आता कोणालाही घरबसल्या पाहता येते. भरायचे किती, हे मात्र कॉलेजातल्या अकाउंट्सच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावर कळते. तिथे होस्टेल निघते, मेस निघते, बस निघते, अनामत निघते. कडक उन्हाच्या विदर्भातही घालायचा ब्लेझर निघतो आणि ‘ट्रेनिंग अँड प्लेसमेंट’ नावाचे एक शुल्क निघते. म्हणजे नोकरी लावून देण्याचे आश्वासन जाहिरातीत फुकट होते, त्याचे बिल आता आले.

जुलै २०२४ मध्ये शासनाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगला होता आणि अनेक मुलींना त्याचा खरोखर आधार झाला. फक्त ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढाच मथळा वाचून जे वडील निर्धास्तपणे कॉलेजात गेले, त्यांना माफी शिकण्याची आहे, राहण्या-जेवण्याची नाही, हे खिडकीपलीकडच्या ताईंनी समजावून सांगितले. माफीसाठी प्रवेशही केंद्रीभूत प्रक्रियेतूनच, म्हणजे ज्याला सगळे ‘कॅप’ म्हणतात त्यातूनच, व्हावा लागतो. संस्थास्तरावरच्या जागेला ती लागू नाही.

संस्थास्तर म्हणजे जुना मॅनेजमेंट कोटा. त्या जागा २० टक्क्यांपर्यंत असतात. अर्ज मागवायचे, गुणवत्ता यादी लावायची आणि मगच प्रवेश द्यायचे, असे नियम सांगतात. मावसभावाच्या ओळखीत ‘ट्रस्टींच्या अगदी जवळचे’ असे जे एक गृहस्थ नेहमी निघतात, ते ही यादी लागण्याआधीच वाचून दाखवू शकतात. विज्ञानाला याचे स्पष्टीकरण अजून सापडलेले नाही.

इतका पैसा ओतायचा तर गुणवत्ता तपासूनच, असे ठरवून घरातली जाणती मंडळी नॅककडे वळतात. १९९४ मध्ये स्थापन झालेली, बंगळुरूची ही संस्था महाविद्यालयांना श्रेणी देते. सर्वांत वरची ए प्लस प्लस. तपासणी समिती यायची असते तेव्हा कॉलेजच्या भिंतींना रंग लागतो, वाचनालयातली पुस्तके कपाटाबाहेर येतात आणि प्राध्यापकांचे तीन-तीन महिने वर्गाऐवजी फायलींमध्ये जातात. समिती समाधानी होऊन परतते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने अशाच एका समितीतल्या प्राध्यापकांना आणि आंध्र प्रदेशातल्या एका खासगी अभिमत संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना अटक केली. ए प्लस प्लससाठी लाच दिल्या-घेतल्याचा आरोप होता आणि सीबीआयने जप्त केलेल्या ऐवजात रोख रकमेबरोबर लॅपटॉप आणि आयफोनही होता. आरोपच आहेत, निकाल न्यायालय देईल. पण ‘आमच्याकडे डिजिटल सुविधा उत्तम आहेत’ हे समितीला पटवण्याचा इतका प्रत्यक्ष मार्ग याआधी कोणाला सुचल्याचे ऐकिवात नव्हते.

तरीही त्या संस्थेकडे निदान दाखवायला इमारत होती. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने तीन खासगी संस्थांना ‘इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स’ म्हणून निवडले: बिट्स पिलानी, मणिपाल आणि नवी मुंबईची जिओ इन्स्टिट्यूट. तिसऱ्या संस्थेत तेव्हा एकही वर्ग भरलेला नव्हता, एकही विद्यार्थी नव्हता. नव्याने उभ्या राहणाऱ्या संस्थांसाठी योजनेत वेगळी तरतूद आहे, असा खुलासा सरकारने केला. शिक्षणक्षेत्रात पायाभरणीआधी कीर्ती लाभण्याचा मान महाराष्ट्राच्या भूमीला मिळाला आणि या अभिमानात नवी मुंबईकर आजही मागे नाहीत.

बिरुदांचा मोह जुनाच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १२३ अभिमत संस्थांना नावापुढचा ‘युनिव्हर्सिटी’ शब्द काढायला सांगितला. तेव्हा कित्येक प्रवेशद्वारांवरची अक्षरे उतरवायला शिड्या लागल्या. त्याआधी छत्तीसगडने २००२ मध्ये असा कायदा केला की शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे एकाच राज्यात निर्माण झाली. त्यांतल्या बऱ्याच विद्यापीठांकडे ना आवार होते, ना वर्ग. प्रा. यशपाल न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो, तिच्यात नागपूरचे एक नाव वर्षानुवर्षे टिकून आहे. एखाद्या राष्ट्रीय यादीतले स्थान इतके सातत्याने राखणाऱ्या महाराष्ट्रातल्या संस्था फार नाहीत.

मग येते शाखा. कॉलेज कोणतेही असो, शाखा कॉम्प्युटरच हवी, यावर आजोबांपासून दूधवाल्यापर्यंत सर्वांचे एकमत असते. तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या कामगिरीच्या संस्थांसाठी शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली, आणि कॉम्प्युटरच्या जागा धडाधड वाढल्या. एआय-डेटा सायन्स, एआय-मशीन लर्निंग, सायबर सिक्युरिटी असे नवे फलक लागले. फलक एका रात्रीत लागतो. तो विषय शिकवणारा माणूस मिळायला वेळ लागतो. तोवर कालपर्यंत इन्स्ट्रुमेंटेशन शिकवणारे सर कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवतात आणि आदल्या रात्री स्वतःही तिलाच विचारून घेतात.

इंजिनिअरिंग नको म्हणणाऱ्यांसाठी बीबीए, बीएमएस, बीसीए असे पर्याय असतात. २०२४ मध्ये हे अभ्यासक्रमही एआयसीटीईच्या छत्राखाली आले आणि राज्याने त्यांना सीईटी लावली. जागा लाखाच्या वर आणि पहिल्या परीक्षेला बसलेली मुले पन्नास हजारांच्या आत, असा तो सामना होता. मग ऑगस्टमध्ये आणखी एक सीईटी घ्यावी लागली. स्पर्धा परीक्षा म्हणजे जागांपेक्षा उमेदवार जास्त, ही जुनी समजूत त्या वर्षी मोडीत निघाली. मुंबईतल्या अनेक महाविद्यालयांनी यावर अधिक शांत उपाय काढला: बीएमएसचे नामकरण ‘बी. कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ असे केले. वर्ग तोच, शिक्षक तेच, सीईटी गायब. व्यवस्थापनशास्त्राचे प्रात्यक्षिक विद्यार्थ्यांना प्रवेशाआधीच पाहायला मिळाले, आणि त्याला शुल्क नव्हते.

सगळ्यात शेवटी पॅकेज. फलकावर ४० लाखांचे पॅकेज मिळालेली एक मुलगी हसत असते. ती खरी असते. तिला ते पॅकेज मिळालेले असते, अनेकदा स्वतःच्या बळावर, कॅम्पसबाहेर अर्ज करून. तिच्या वर्गातले बाकीचे ज्या सेवा कंपन्यांत लागतात, तिथला नवख्यांचा पगार दहा-बारा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे. त्यांचे फोटो फलकावर मावत नाहीत. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चे गणितही शिकून घेण्यासारखे आहे. आधी ‘पात्र’ विद्यार्थी ठरवायचे: ज्यांना बॅकलॉग आहे ते गेले, उच्च शिक्षणाचा फॉर्म ज्यांच्याकडून भरून घेतला ते गेले, ज्यांनी नावच नोंदवले नाही ते गेले. उरलेल्यांना नोकरी लागली की झाले शंभर टक्के.

गंमत म्हणजे खरे आकडे लपवलेले नाहीत. केंद्राची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला स्वतःची माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या पीडीएफमध्ये किती मुलांना प्रवेश दिला, त्यांतली किती ठरल्या वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे ओळीने लिहिलेले असते. अर्धा वर्ग ज्याच्या वर आणि अर्धा ज्याच्या खाली, तो मध्यक. पुढे प्राध्यापकांची यादी असते, रुजू झाल्याच्या तारखेसह. तपासणीच्या हंगामात रुजू झालेले आणि नंतर पांगलेले गुरुजन तिथे तारखांवरून ओळखता येतात. माहिती संस्थेनेच भरलेली असते, तेव्हा जरा सांभाळूनच वाचावी. पण संस्थेने स्वतः कबूल केलेला मध्यक पगार फलकावरच्या आकड्याच्या दहाव्या भागाइतका निघाला, तर निदान मोठी शंका मिटते. ही पीडीएफ संकेतस्थळाच्या तळाशी, ‘अँटी रॅगिंग’ आणि ‘टेंडर्स’ यांच्या मध्ये, बारीक अक्षरांत असते. ती उघडणारे पालक फार थोडे, आणि संस्थांनी त्यांचा फारसा त्रास करून घेतलेला नाही.

त्याऐवजी पालक कॅम्पस बघायला जातात. ‘ओपन हाऊस’च्या दिवशी दाखवायची प्रयोगशाळा बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटसारखी सजवलेली असते: रोबोट हात हलवतो, थ्रीडी प्रिंटर गणपती छापतो, आणि बाजूची तीन दारे बंद असतात. वडील पार्किंग किती मोठे ते बघतात, आई होस्टेलच्या मेसची पोळी मोडून बघते. मुलगा वायफायचा पासवर्ड विचारतो. शिक्षक किती, विद्यार्थी किती, हे कोणी विचारत नाही. एआयसीटीईचा नियम वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे आणि तो आवारातल्या कोणत्याही फलकावर नाही.

शेवटी पसंतीक्रमाचा अर्ज. कॅपमध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. सायबर कॅफेतला दादा, आतेभाऊ आणि दोन यूट्यूबवरचे ‘सर’ मिळून तो भरतात. २०२५ पासून फेऱ्या चार झाल्या आणि नियम असा झाला की पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली तर ती घ्यावीच लागते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी, तिसऱ्यात पहिल्या सहांपैकी. ‘वरच्या नंबरला उगाच टाकून ठेवू’ म्हणून लिहिलेले कॉलेज गळ्यात पडल्याचे त्यामुळे पुष्कळांना पहिल्यांदाच कळले. एवढे होऊनही प्रवेश रद्द करायचा तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे शुल्क परताव्याचे नियम आहेत, आणि मूळ कागदपत्रे अडकवून ठेवायला संस्थेला मनाई आहे, हेही त्यांत स्पष्ट आहे. खिडकीपलीकडे हे नियम ‘आमच्याकडे अजून आलेले नाहीत’ असे सांगितले जाते. त्यांतले महत्त्वाचे नियम २०१८ चे आहेत.

ज्यांना चारही फेऱ्यांत मनासारखे काही लागत नाही, त्यांना आठवडाभरात फोन येतो. नंबर कुठून मिळाला, हे विचारायचे नसते. मोफत करिअर मेळाव्यात चहाच्या कूपनसाठी भरलेल्या फॉर्मवर तो होता.

“सर, तुमच्या मुलासाठी मॅनेजमेंटने एक सीट होल्ड करून ठेवलीय. फक्त आजच्या दिवस.”

“मागच्या बॅचचा मध्यक पगार किती होता हो तुमच्याकडे?”

“सर, ते अ‍ॅकॅडमिक सेक्शनला विचारावं लागेल. पहिला हप्ता ऑनलाइन भरताय की डीडी काढताय?”