गाडी का घेतली नाही, याचं सविस्तर उत्तर

सिंगापूर, रविवार दुपार

तीर्थरूप आई-आबांना शिरसाष्टांग नमस्कार. बंडू भाऊजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद. त्यांतले काही पुढे परत घेणार आहे.

आई, काल तुमचा फोन आला तेव्हा इथे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. एवढ्या रात्री घरचा नंबर दिसला की पोटात गोळाच येतो. हे ताडकन उठून बसले, तर तुमचा प्रश्न काय, "एवढं शिकून-सवरून गेलासा, आणि अजून बसनं हिंडतासा? पैसं कमी पडत्यात का?" कळ कुणी लावली तेही कळलं. आपल्या भावकीतल्या दुबईकरांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून काढलेला फोटो आम्हालाही आला होता. फोनवर समजावून सांगायला गेले तर तुम्ही मध्येच "शंभू जेवला का" विचारता. (जेवला. भाकरी नको म्हणाला, पण जेवला.) म्हणून कुकर लावून लिहायला बसले आहे.

इथे गाडी घेण्याआधी गाडी बाळगायचा कागद घ्यावा लागतो. 1990 पासूनचा नियम आहे. महिन्यातून दोनदा त्या कागदाचा लिलाव होतो. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तसंच, फक्त सौदा झाल्यावर हाती गूळ येत नाही, दहा वर्षांची परवानगी येते. ऑक्टोबर 2023 मध्ये लहान गाडीच्या कागदाचा भाव 1,06,000 डॉलरला गेला. आबांनी बोटं मोजत बसू नये, मीच सांगते: साठ लाखांच्या वर. यात गाडी नाही. स्टेपनीसुद्धा नाही. त्याच लिलावात मोठ्या गाडीचा कागद 1,50,001 डॉलरला गेला. तो वरचा एक डॉलर बघून हे म्हणाले, कुणीतरी आहेराचं पाकीट भरणारा दिसतोय.

गाडीची किंमत वेगळी. त्यावर नोंदणीचा कर, तोही जवळजवळ गाडीच्या मूळ किमतीएवढा, आणि गाडी भारी असेल तर वरच्या रकमेवर 320 टक्क्यांपर्यंत. सगळं जमेस धरून साधी टोयोटा कोरोला दीड लाख डॉलरच्या पुढे जाते. आई, तेवढ्या पैशांत कागल ते हुपरी रस्त्याला दुतर्फा प्लॉट बघता येतील. आणि दहा वर्षांनी? कागद संपला. पुन्हा चालू भावाने पैसे भरा, नाहीतर गाडी भंगारात काढा किंवा परदेशी पाठवा. आपल्याकडे दहा वर्षांनी गाडीचं रनिंग कुठं नीट सुरू होतं. तात्यांची बोलेरो या देशात जन्मली असती तर तिचे दोन वेळा दिवस घातले असते.

सरकारचं म्हणणं चूक आहे असंही नाही. अख्खा देश आपल्या जिल्ह्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. फेब्रुवारी 2018 पासून गाड्यांची संख्या वाढूच द्यायची नाही असं ठरवलंय. रस्ते मोकळे राहतात, बस वेळेवर येते. बस वेळेवर येते ही माझी तक्रार समजा. कागलच्या स्टँडवर एसटीची वाट बघता बघता जेवढी सोयरीक जुळायची आणि मोडायची, तेवढं बोलायला इथे वेळच मिळत नाही.

बरं, तात्यांवरून आठवलं. ते निवडणुकीला पुन्हा उभे राहणार हे ऐकून आनंद झाला. पडणार हे माहीत असूनही झाला. त्यांनी बोलेरो ग्रामपंचायतीसाठी घेतली असं गाव म्हणतं, पण रात्री-अपरात्री कुणाला कोल्हापूरला सीपीआर दवाखान्यात न्यायचं झालं की पहिलं दार त्यांचंच वाजतं, आणि ते बनियनवरच बाहेर येतात. लोकांनी गाडीत बसताना मत आठवलं तर बरं.

आता इथल्या एका नियमाबद्दल लिहिते. वाचून आबांचा चहा थंड होईल. इथून पूल ओलांडला की मलेशिया, जोहोर बाहरू. तिकडे पेट्रोल इथल्या निम्म्याहून स्वस्त. आपल्याकडे कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक, आणि कोगनोळीच्या पंपावर आपल्या नंबरप्लेटा, तसंच हे. पण सिंगापूर सरकार आबांच्या वरताण निघालं. इथली गाडी मलेशियात जाताना टाकी किमान पाऊण भरलेली पाहिजे! नाक्यावर काटा बघतात. कमी असला तर माघारी पाठवतात, 500 डॉलरपर्यंत दंडही होऊ शकतो. आधी अर्धी टाकी चालायची, 1991 पासून पाऊण झाली. म्हणजे स्वस्त पेट्रोलच्या गावाला जायचं, तर आधी महाग पेट्रोल भरा. आणि पलीकडे मलेशियाचं सरकारही हुशार: त्यांचं अनुदानाचं सर्वांत स्वस्त पेट्रोल बाहेरच्या गाड्यांना द्यायचंच नाही, महागातलं घ्या.

गेल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळातल्या एका सांगलीकर कुटुंबाने आम्हाला त्यांच्या गाडीतून तिकडे नेलं. काटा पाऊणच्या खाली. वाटेतच पंपावर थांबून लिटरला पावणेतीन डॉलरच्या आसपास मोजले. सांगलीकर भाऊजींचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना. हे मात्र गप्प होते. नंतर म्हणाले, "आबा टाकी रिकामी करून कोगनोळीला ढकलत न्यायचे, वर मागं एक कॅन."

आता भाऊजींना घ्यायच्या असलेल्या थारकडे येते. आई, तुम्ही "पोरगं ऐकत न्हाई" म्हणालात, पण त्यांचंही ऐकून घ्या. कारखान्याचं गेट घरापासून हाकेच्या अंतरावर. रस्ता असा की उसाच्या सीझनला पुढे ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या, त्यावर फुल्ल आवाजात गाणी; थार असो की सायकल, स्पीड ट्रॉलीचाच. मग थार कशाला? तर गडहिंग्लजच्या पाहुण्यांनी विचारलं, पोरगा पर्मनंट आहे का, आणि पुढचा प्रश्न, चारचाकी कोणती. आपल्याकडे माणूस टू-व्हीलर पोटासाठी घेतो आणि फोर-व्हीलर पाहुण्यांसाठी. दूध संस्थेत कॅन आणि येताना वैरणीचा भारा न्यायचा म्हणून एक्सएल. शिफ्टला जायचं, पेट्रोल कमी प्यावं आणि कुठल्याही फाट्यावर दुरुस्त व्हावी म्हणून स्प्लेंडर. फाइव्ह स्टार एमआयडीसीच्या कुठल्याही गेटवर सगळ्या काळ्या स्प्लेंडरच. गैबीच्या उरसातून आबांनी दुसऱ्याचीच आणली होती, ती आधी घरी आणि दुसऱ्या दिवशी चौकीत. आणि गंमत बघा, इंजिनांचे ब्लॉक ओतायचे ते आपल्याच फौंड्रीवाल्यांनी, आणि ओतून झालं की घामाघूम होऊन स्प्लेंडरला किक मारायची.

परवा बसमधून येताना शेजारी एक लॉरी चालली होती. इथे मजुरांना लॉरीच्या मागे बसवून कामावर नेतात. तमिळ असावेत, नाहीतर बांगलादेशी. पायांत जाड बूट, मांडीवर डबे, एकजण बसल्या बसल्या झोपलेला. सगळ्या श्रीमंत गाड्या त्यांच्या आजूबाजूने चाललेल्या. पावसाळ्यात फर्स्ट शिफ्ट असली की आबा ह्यांना एम-एटीवरून गेटपर्यंत सोडायचे, स्वतः पोत्याची खोळ घेऊन आणि रेनकोट पोराला देऊन, ते एकदम डोळ्यांपुढे आलं. बाजूच्या बाईने मला टिश्यू दिला. काय झालं हे तिला कुठल्या भाषेत सांगणार? थँक्यू म्हटलं.

कुकर केव्हाच झाला, शंभूने मागून येऊन विचारलं, "आजीच्या गावात बसमध्ये खाता येतं?" इथे ट्रेनमध्ये खायची-प्यायची बंदी आहे, दंड होतो. मी म्हटलं, तिथे खाल्लं नाही तर शेजारचा रागावतो.

आई, म्हणून आम्ही गाडी घेतली नाही. पैसे कमी पडत नाहीत, अक्कल आहे. दुबईकरांना हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल.

आणि भाऊजी, तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं. अमावास्येला आदमापूरला दर्शनाला जायचं झालं तर आईंना गुडघे घेऊन तिथे कोण चढवणार? पाच दारांची आली आहे, पण तिचा हप्ता आबांना विचारून ठरवा, आणि त्यासाठी एम-एटी विकायला काढू नका. तिचे चार हजारसुद्धा येणार नाहीत. शोरूमला जाताना मित्रांना नेऊ नका, आईंना न्या. स्टूल न घेता त्या चढल्या आणि उतरल्या, तर थार घ्या. नाही जमलं तर गुपचूप एर्टिगा बुक करा आणि गडहिंग्लजला कळवा.

तुमची सून,
स्वाती

ता. क. कांदा-लसूण चटणी संपत आली आहे.