हातांना मुंग्या आणण्याची शास्त्रशुद्ध रीत

त्र्यंबकेश्वर सोडून मोखाड्यामार्गे जव्हारला, किंवा आणखी आत वांगणीच्या बाजूला मोटरसायकलने जायचे असेल, तर आधी एक गोष्ट ठरवून टाकावी: रस्ता सुधारेपर्यंत थांबायचे की हात बधिर करून घ्यायचे. रस्त्याला निविदा लागते, निधी लागतो, पावसाळा संपावा लागतो. आणि तो संपला तरी पुढचा यायचा थांबत नाही. हाताला यातले काहीच लागत नाही. खड्डा म्हणजे शेवटी तळहाताने मेंदूकडे धाडलेली तक्रार. तक्रार घेणारी खिडकीच बंद ठेवली की तक्रारी उरत नाहीत, हे आपल्याकडच्या कित्येक कचेऱ्यांनी दाखवून दिलेले आहे. बधिरता हा दोष मानण्याऐवजी सोय मानावी, एवढेच येथे सांगायचे आहे.

मात्र ही सोय नशिबावर सोडू नये. मनगटात तळव्याच्या अंगाला हाडे आणि एक चिवट पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि ‘मीडियन’ नावाची नस दाटीवाटीने जातात. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अर्धी अनामिका यांची जाणीव या नसेकडे. मनगट मुडपले की बोगद्यातला दाब वाढतो. म्हणून क्लच-ब्रेकच्या लिव्हर शक्य तितक्या वर ठेवाव्यात, म्हणजे बोटे तिथवर न्यायला मनगट मागे मोडावेच लागते. बहुतेकांना एवढेही कष्ट पडत नाहीत; गाडी घेतल्या दिवशी लिव्हर जिथे होत्या, तिथेच त्या गाडी विकेपर्यंत राहतात. करंगळीकडची ‘अल्नर’ नस तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाते. तिच्यासाठी अंगाचा सारा भार हातांवर टाकावा, पोटाला आणि मांड्यांना काम देऊ नये, गुडघे टाकीला चुकूनही टेकवू नयेत. आणि मूठ आवळावी. मूठ जितकी घट्ट, तितकी हँडलची थरथर मनगटात अधिक शिरते. घाटाच्या उताराला मूठ आपोआप आवळली जाते, तिथे वेगळ्या साधनेची गरज नाही.

यावर गाडीवाले म्हणतील, दोष मुठीचा नव्हे, इंजिनाचा. तथ्य आहे. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेते तेव्हा हँडलला सेकंदाला सुमारे ८३ हिसके बसतात. थरथरीने बोटे जातात हे जुनेच ज्ञान आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींत हवेच्या दाबावरचे हातोडे चालवणाऱ्या कामगारांची बोटे पांढरी आणि बधिर पडतात, हे ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली नोंदवले. पुढे २००२ मध्ये युरोपीय संघाने कामगाराच्या हाताला दिवसभरात किती थरथर चालेल याची मर्यादाही घातली. (२०२१ मध्ये ॲपलने बजावले की दमदार मोटरसायकलच्या हँडलला फोन लावल्यास कॅमेरा बिघडू शकतो. मनगटासोबत अशी सूचनापत्रिका येत नाही.) पण सगळा दोष इंजिनाचाच असता, तर दोन्ही हात सारखेच बधिर झाले असते. मुंग्यांची तक्रार बहुधा उजव्या हाताची असते, कारण डावा हात सरळ रस्त्यावर झटकता येतो, उजव्याला मात्र रेस पिळून धरावीच लागते. म्हणजे मूठ निर्दोष सुटत नाही. जाड हातमोजे आणि फोमच्या ग्रिपा सुचवणाऱ्यांनी त्या जरूर घ्याव्यात. मूठ जाड झाली की ती धरायला जोरही जास्त लागतो, आमचे काम सोपे होते.

डॉक्टरांचा आक्षेप जरा अडचणीचा आहे. रात्री मुंग्यांनी जाग येऊ लागली, हातातून कप निसटू लागला किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सुकू लागला, तर नस कायमची दुखावत चालली आहे. आणि मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर गाडी न चालवताही हे होते, असे ते सांगतात. ज्यांचे धैर्य इथेच खचेल त्यांनी पाना घेऊन लिव्हरचे बोल्ट सैल करावेत, गाडीवर नेहमीसारखे बसावे आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत येईल इतक्या लिव्हर खाली फिरवाव्यात. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. शिवाय मोखाड्याला उतरून चहा घ्यावा आणि बोटांची उघडझाप करावी.

शेवटचा आक्षेप ब्रेकचा. गाडी थांबवण्याचा मोठा वाटा पुढच्या ब्रेककडे असतो, तो उजव्या हाताच्या दोन बोटांनी दाबतात, आणि ती दोन्ही बोटे नेमकी मीडियन नसेच्या ताब्यातली. आषाढातल्या ओल्या घाटात ब्रेक किती दाबला गेला हे बोटांना कळले नाही तर काय, असे विचारतात. विचारणाऱ्यांना मागच्या ब्रेकचा विसर पडलेला दिसतो. तो पायाने लागतो, आणि पायांच्या बधिरतेवरचे मार्गदर्शन अजून छापायचे आहे.