बेरीज आधी, आकडे मागाहून

माणूस पाहताक्षणी ओळखण्याची विद्या आपल्याला उपजतच अवगत आहे असा ज्याचा समज नाही, असा गृहस्थ मला अद्याप भेटावयाचा आहे. आणि अशा चारपाच विद्यासंपन्न गृहस्थांना एका लांबट मेजामागे ओळीने बसवून त्यांच्यापुढे लवंग-सुपारीचे तबक ठेवले, की त्या समुदायास निवड-समिती ही संज्ञा प्राप्त होते. एका शिक्षणसंस्थेत लेखनिकाची जागा भरावयाची होती, तेव्हा अशा समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून माझी वर्णी लागली. लेखनिकाच्या नेमणुकीत विषय कोणता आणि त्याचा तज्ज्ञ कसा असतो, याचा उलगडा मला कोणी केला नाही, आणि मानधनाच्या पाकिटाकडे पाहून मीही तो मागितला नाही.

मागील नेमणुकीवर झालेल्या तक्रारअर्जांची धास्ती घेऊन चिटणिसांनी या खेपेस छापील गुणतक्त्याची तजवीज केली होती. हस्ताक्षर, हिशेब, पत्रव्यवहार, वक्तशीरपणा आणि, अध्यक्षांच्या खास आग्रहास्तव, ‘एकंदर छाप’ असे पाच रकाने, प्रत्येकास दहा गुण, शेवटी बेरीज व शेरा. तक्ता मोठा देखणा होता. मात्र दहापैकी सात म्हणजे काय, हे त्यावर कोठेही लिहिलेले नव्हते; त्यामुळे खजिनदारांच्या लेखी सात म्हणजे नालायक, तर मुख्याध्यापकांच्या लेखी सात म्हणजे सुवर्णपदक. वक्तशीरपणाचा रकाना तर निव्वळ पेचप्रसंग होता, कारण सर्व उमेदवार दहाच्या ठोक्याला हजर होते आणि समिती साडेअकराला जमली.

माझ्या डाव्या हातास रावसाहेब म्हणून एक निवृत्त मामलेदार बसले होते. एका उमेदवारास त्यांनी दरसाल दरशेकडा नऊ दराने सरळव्याज काढावयास लावून घामाघूम केले, त्याच्यामागून आलेल्यास विचारले, “गाव कोणतं म्हणालात?”

“जी, वाई.”

“वाई! गणपती आळीत आमची सासुरवाडी. बसा, बसा.”

तो बसलेलाच होता. पुढील संभाषण कृष्णेच्या घाटावरून हिंडत हिंडत एका सामाईक दूरच्या आत्याबाईंपर्यंत पोचले, आणि उमेदवार नमस्कार करून उठला तेव्हा हिशेब या विषयाचे नावही निघाले नव्हते. मग रावसाहेबांनी शिसपेन्सिल उचलली, थेट बेरजेच्या रकान्यात 42 हा आकडा घातला आणि त्याभोवती वर्तुळ काढले. त्यानंतर हस्ताक्षर 9, हिशेब 8, पत्रव्यवहार 8, वक्तशीरपणा 6, छाप 8 असे रकाने सावकाश भरून त्यांनी ओठांतल्या ओठांत बेरीज केली. ती 39 भरली. क्षणभर विचार करून त्यांनी पेन्सिलीच्या बुडाचे रबर वक्तशीरपणावर फिरवले आणि तेथे 9 केले. ताळा जमला. पलीकडे खजिनदार अध्यक्षांच्या कानाशी लागून, “आपण किती दिले, साहेब?” असे विचारीत होते आणि उत्तर ऐकून आपले सहा खोडीत होते.

ही काही आपल्याच मुलखाची मिरासदारी नव्हे. 1920 साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले, तेव्हा शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व व शील हे रकाने एकमेकांशी संशय यावा इतके जुळून आले. ज्याची छाती रुंद, त्याचे शीलही रुंद! 1955च्या सुमारास इस्रायलच्या सैन्यात डॅनिएल कानेमान या एकवीस वर्षांच्या तरुणाने यावर उपाय योजला. सहा गुण मुक्रर करावे, प्रत्येकाविषयी ठरीव व वस्तुस्थितीचे प्रश्न विचारावे, एका गुणाचा एकपासून पाचपर्यंतचा अंक मांडल्यावाचून दुसऱ्यास हात घालू नये, असा त्याचा दंडक होता. मुलाखतकारांनी जवळजवळ बंडच केले; आम्हाला यंत्रे बनवता काय, असा त्यांचा आक्षेप. तेव्हा त्याने तडजोड काढली, की सहाही अंक लिहून झाल्यावर डोळे मिटून वाटेल तो सातवा अंक द्यावा. पुढे ताळा पाहता सहांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा पुष्कळ खरी उतरली, आणि गंमत अशी, की तो डोळे मिटून दिलेला अंकही तितकाच खरा उतरला. डोळे मिटण्यास हरकत नाही. आधी ते उघडलेले असावे, एवढेच.

मला नवल वाटले ते आमच्या रावसाहेबांचे. पिकाची आणेवारी नुसती बांधावर उभे राहून नजरेने ठरवू नये, शेतातला तुकडा आखून, तेथील पीक कापून, मळून, वजन करून ठरवावी, यासाठी या गृहस्थाने उभी नोकरी तलाठ्यांच्या मागे तगादा लावला होता. आणि माणसाची आणेवारी मात्र ते बांधावरूनच करून मोकळे झाले. वास्तविक त्या वाईकरापुढे एक तक्रारअर्ज ठेवून, “याचे उत्तर लिहा,” म्हटले असते, तर काम झाले असते. संदर्भ, विषय व मजकूर बिनचूक असला तर आठ, संदर्भ राहून गेला तर पाच, मूळ तक्रारच समजली नाही तर दोन, असे तक्त्यावरच आगाऊ छापले असते, तर खजिनदारांचे सात आणि मुख्याध्यापकांचे सात एका नाण्याचे झाले असते.

असल्या मुलाखतीचा वाद एकदा थेट न्यायालयापर्यंतही गेला होता. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी लेखी परीक्षेस 100 आणि मुलाखतीस 50 गुण होते. मुलाखत दोनतीन मिनिटांत उरकली आणि तीत आईबापांची व राहण्याच्या ठिकाणाचीच चौकशी झाली, अशी उमेदवारांची तक्रार होती. अजय हसिया खटल्याच्या निकालात, 1980 साली, सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीचा हा वाटा मनमानी ठरवून तेथील प्रवेशापुरती शेकडा 15 ही कमाल मर्यादा सांगितली. गणपती आळी तेथेही पोचली होती म्हणावयाची.

तेव्हा निवड-समितीवर बसण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांना माझी विनंती आहे, की सर्वांना तेच प्रश्न विचारावे, उमेदवार दाराबाहेर पडताच शेजाऱ्याच्या कागदाकडे न पाहता शाईने रकाने भरावे, आणि बेरीज चिटणिसांकडे सोपवावी. सासुरवाडीची चौकशी अगदीच अनावर झाली, तर ती नेमणुकीचा हुकूम हाती दिल्यानंतर खुशाल करावी.