तुझ्या वाटेतच आहे

मोटारीनं ऑफिसला जाणाऱ्या माणसाला घरचे सहसा काही आणायला सांगत नाहीत. त्याला पार्किंग मिळणार नाही, गाडी गल्लीत शिरणार नाही, शिरलीच तर बाहेर निघणार नाही, अशी सगळ्यांना त्याची काळजी असते. सायकलवाल्याला यातली एकही सबब चालत नाही. सायकल कुठंही शिरते, कुठंही उभी राहते आणि तिला पेट्रोलही लागत नाही. त्यामुळे कोथरूडहून शिवाजीनगरला जाताना मंडई, रविवार पेठ, मार्केट यार्ड आणि मिक्सर दुरुस्त करणारा एक अत्यंत सावकाश गृहस्थ एवढं सगळं ज्याच्या वाटेत लागतं, असा आमच्या घरात मी एकटाच आहे. नकाशा काढून दाखवला तरी उपयोग होत नाही. "अरे, तुझ्या वाटेतच आहे," असं म्हणून आई हातात पिशवी ठेवते.

सायकल घेताना माझ्या मनात फक्त व्यायाम होता. दुकानदारानं दाखवलेल्या सायकलीला २१ गिअर होते. कॅरिअर, स्टँड, मडगार्ड आणि घंटी यांपैकी काही नव्हतं. का नाही, म्हणून विचारलं तर म्हणाला, "सर, त्यानं वजन वाढतं." शौकीन मंडळी सायकलीचं वजन ३०० ग्रॅमनं कमी व्हावं म्हणून हजारो रुपये मोजतात, हे मला तिथंच कळलं. आमच्याकडे ३०० ग्रॅम म्हणजे नुसत्या हिरव्या मिरच्या होतात. मी कॅरिअर बसवून घेतलं. त्यावर बारीक अक्षरात '२५ किलो' असं कोरलं होतं. आईनं चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे तांदळाची एक गोणी." कारखान्यानं लिहिलेली कमाल मर्यादा आमच्या घरात किमान अपेक्षा म्हणून वाचली जाते.

या अपेक्षेला इतिहासाचाही आधार आहे. बाबांची काळी, २८ इंची सायकल रिकामीच वीसेक किलोची होती. तिच्यावरून ते खडकीच्या कारखान्यात जात आणि येताना घरात जे लागेल ते घेऊन येत. मला आठवतो तो रॉकेलचा डबा, दळण आणि नळीवर बसलेला मी. पण बाबा निवृत्त झाल्यापासून आईच्या सांगण्यात ते ओझं वाढत चाललं आहे. आधी त्यांनी शिवणमशीनचा नुसता वरचा भाग आणला होता. मग खालचं लोखंडी पायडल आलं. गेल्या दिवाळीत मशीनच्या जोडीला कॅरिअरवर स्वतः आईही बसली, आणि तेही डबलसीटला पोलीस दंड करत त्या काळात! बाबा अशा वेळी पेपरातून डोकं वर काढत नाहीत. खंडनही करत नाहीत.

या कामात सायकल चालवण्याला फारसं महत्त्व नाही. सगळी विद्या बांधण्यात आहे. मी सुरुवातीला हुकवाली रंगीत लवचिक दोरी वापरत असे. आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं ती दोन बोटांत धरून ताणून बघितली आणि म्हणाला, "काका, ही कपडे वाळत घालायला ठेवा." मग त्यानं जुन्या ट्यूबची एक लांब पट्टी कापून दिली. पैसेही घेतले नाहीत. दुधाचे कॅन नेणारे, पाववाले, बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून नेणारे, सगळ्यांचा भरवसा या पट्टीवर असतो. ती घसरत नाही, आणि खड्ड्यात आदळून माल थोडा खाली बसला की तीही आवळली जाते, म्हणजे दोरीसारखी सैल पडत नाही. जड वस्तू खाली आणि सीटला चिकटून ठेवायची. मागे सरकली की चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकेनासं होतं. दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं. हँडलला काहीही लटकवायचं नाही. हे सगळे नियम मला पाठ आहेत. पण कॅरिअर भरल्यावर जे उरतं ते हँडललाच लटकतं. मग डावीकडच्या पिशवीतले नारळ गुडघ्याचा अंदाज घेतात आणि उजवीकडच्या कापडी पिशवीचा बंद स्पोकमध्ये शिरायची संधी शोधत राहतो.

एक गोष्ट सायकलशास्त्रावरच्या कुठल्याही लेखात सापडत नाही: वजनापेक्षा आकार वाईट. भरलेला गॅस सिलिंडर परवडला. त्यात गॅस १४.२ किलो, लोखंड साधारण तेवढंच, म्हणजे सगळा मिळून तीसेक किलोचा ऐवज. पण तो वागायला सरळ असतो. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना आकडे लावून तसले दोन-दोन सिलिंडर नेणारी माणसं मी शिट्टी वाजवत जाताना पाहिली आहेत. चिरमुऱ्याच्या पोत्यानं मात्र माणसाचा अंत पाहावा. ते काट्यावर ठेवलं तर काटा हलेल की नाही शंका, पण पुलावर आडवा वारा सुटला की सायकल कुठं न्यायची हे पोतं ठरवतं. लाल भोपळ्याचं दुःख निराळं. त्याला धरायला कोपरा नसतो, त्यामुळे पट्टी कशीही बांधा, तो तिच्याखालून एका बाजूला वळून बसतो आणि तिथून रस्त्याकडे बघत राहतो. आणि लांब वस्तूंविषयी बोलायचं तर एकदा पडद्याचा आठ फुटी रॉड नळीला बांधून आणताना सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. "काका, भाला घेऊन कुठल्या मोहिमेवर?" मी उत्तर द्यायला वळलो, हँडलही वळलं, आणि त्यानं मान चटकन आत घेतली.

दळणाचा डबा याहून बरा. पावसाळ्याच्या संध्याकाळी ताज्या पिठाची ऊब पाठीला लागते. तेवढाच त्यातला सुखाचा भाग. झाकण सैल असेल तर आपण कुठून आलो हे सोसायटीच्या फाटकापासून गिरणीपर्यंत कुणालाही शोधून काढता येतं.

ओझं बांधून झालं की सायकलवर चढायचं कसं, हा प्रश्न उभा राहतो. मागून टांग टाकण्याची आपली पिढीजात पद्धत इथं कामाची नाही. टांग तांदळाच्या गोणीवर आपटते. पाय पुढून, नळीवरून, गुडघा छातीशी आणून पलीकडे न्यावा लागतो. पन्नाशीच्या गृहस्थानं भर मंडईत हे करायचं म्हणजे आजूबाजूच्या भाजीवाल्या थोडा वेळ धंदा थांबवतात. एकदा चाकं फिरू लागली की सगळं सोपं असतं. गती असली की ओझं मुकाट बसतं. सायकल थांबली की तेच ओझं आपलं अस्तित्व दाखवायला लागतं, आणि स्टँडवर लावायला जावं तर पुढचं चाक उचललं जातं. म्हणून ओझंवाला सायकलस्वार लाल दिवा दिसला की लांबूनच वेग कमी करतो आणि दिवा हिरवा होईपर्यंत मुंगीच्या पावलानं पुढं सरकत राहतो, म्हणजे पाय टेकावा लागत नाही. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत. त्यांना काय, पाय दाबला की थांबले.

ब्रेकविषयी मी फार बोलणार नाही. गुलटेकडीच्या नावातच टेकडी आहे, मार्केट यार्ड तिथंच आहे, आणि गोणी बांधून स्वारगेटकडे उतरताना बाबांच्या सायकलीची स्टीलची रिम पावसात भिजलेली असली तर काय होतं, हे ज्यानं अनुभवलंय त्याला सांगायला नको आणि बाकीच्यांना पटायचं नाही.

तो उतार सोडला तर माझं ओझं कायम चढावरच का असतं, याचा मी बराच विचार केला आहे. पुण्याच्या जुन्या पेठा मुठेच्या काठाला. मंडईही तिथंच, १८८६ साली बांधली तेव्हा कोथरूड हे वेगळं गाव होतं. पुढं शहर वाढलं ते टेकड्यांच्या बाजूला. घरं वर गेली, बाजार खालीच राहिले. मोटारीत बसणाऱ्यांना कर्वे रस्ता सपाट वाटतो. सायकलवाल्याला विचारा. सकाळी मी सहसा रिकामा, वारा खात उतरतो. संध्याकाळी मंडईतून निघून, लक्ष्मी रस्त्यानं अलका टॉकीजच्या चौकात येऊन नदी ओलांडली, की नळस्टॉपच्या दुमजली पुलाच्या सावलीपासून मला माझं वय कळायला लागतं. नगररचनेच्या पुस्तकांत या अन्यायाचा उल्लेख असावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

या चढावर मी सरळ खाली उतरतो आणि सायकल ढकलतो. यात कमीपणा वाटायचा तो एका युद्धकथेनं घालवला. १९५४ साली दिएन बिएन फूच्या वेढ्यात व्हिएतनामी मजुरांनी हजारो सायकलींवरून डोंगरवाटांनी तांदूळ आणि दारूगोळा नेला. एकेका सायकलीवर २०० किलोच्या वर माल असे, आणि ते लोक सायकलवर बसतच नसत. हँडलला एक बांबू बांधून लांबवायचं, सीटच्या जागी दुसरा बांबू उभा करायचा, आणि दोन्ही धरून शेजारून चालायचं. त्यातल्या कित्येक सायकली फ्रेंच बनावटीच्या होत्या, आणि हरली ती फ्रेंच फौज. झारखंडमध्ये आजही माणसं पोटासाठी दोन-अडीचशे किलो कोळसा असाच ढकलत नेतात. त्यांच्यापुढं माझा भोपळा काढायची मला लाज वाटते. पण कर्वे रस्त्यावर कुणी ओळखीचं स्कूटर हळू करून "काय रे, पंक्चर?" असं विचारतं, तेव्हा "नाही, व्हिएतनामी पद्धत," एवढं सांगून मी चालू लागतो. ती व्यक्ती पुन्हा विचारत नाही.

रस्त्यावरचे अनोळखी लोक मात्र फार आपुलकीचे. रिकाम्या सायकलवाल्याकडे पुण्यात कुणी ढुंकून बघत नाही. ओझं दिसलं की प्रत्येकाला तुमचं भलं करायचं असतं. "मागचं सरकलंय." "उजवीकडे कललंय." "टेंपो करायचा ना!" एका आजोबांनी मला थांबवून सबंध ओझं सोडायला लावलं आणि पुन्हा स्वतःच्या हातानं बांधलं. चांगलं बांधलं होतं. घरी गेल्यावर सुटेना.

ऑफिसात माझी प्रतिष्ठा याच कॅरिअरमुळे ठरली. नवीन आलेल्या वॉचमननं मला फाटकाशी अडवलं. मागे दुरुस्तीला चाललेला मिक्सर, त्यावर डबा, त्यावर रेनकोट. त्यानं शांतपणे हात दाखवला, "डिलिव्हरी मागच्या गेटनं." मी ओळखपत्र दाखवलं. त्यानं एकदा फोटोकडे बघितलं, एकदा मिक्सरकडे, आणि म्हणाला, "साहेब, सायकल तरी मागच्या गेटनं घ्या." मागच्या गेटला चढ नाही, सावली आहे आणि तिथला चहा चांगला असतो. मी तेव्हापासून तिकडूनच जातो.

मध्यंतरी मोबाइलवर डेन्मार्कमधल्या ओझ्याच्या सायकली बघत बसलो होतो. चालवणाऱ्याच्या पुढं, चाकांच्या मध्ये, जमिनीलगत फळी. किंवा पुढं दोन चाकं आणि त्यांवर मोठी लाकडी पेटी. माल खाली असल्यामुळे डगमग नाही, टांगेचा प्रश्न नाही. कोपनहेगनच्या क्रिस्तियानिया वस्तीतल्या लार्स एंगस्ट्रॉम यांनी १९८४ साली तशी एक तीनचाकी आपल्या सहचरीला वाढदिवसाची भेट म्हणून बनवली आणि पुढं ती प्रसिद्ध झाली, हे मी कौतुकानं बायकोला वाचून दाखवलं.

"वाढदिवसाला?" ती म्हणाली. "म्हणजे त्या बाईनं आयुष्यभर भाजी आणायची?"

मग तिनं फोन माझ्या हातातून घेतला, पेटीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणि आईला हाक मारली. दोघींनी तो बराच वेळ पाहिला. कपाट आडवं मावेल, उभं नाही, असं आईचं मत पडलं.

"तुझा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे ना रे?" बायको म्हणाली.