कांदा नाही, झाकण नाही, ढवळायचं नाही

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात सकाळी दोन प्रकारचे लोक बाजारात जातात. एक, ज्यांना दुपारी जेवायचं असतं. दुसरे, ज्यांनी दुपारच्या जेवणाचे पैसे ऑनलाइन भरून ठेवलेले असतात. पहिल्यांच्या हातात चाकांची पिशवी असते, दुसऱ्यांच्या हातात फोन. पहिले दहा मिनिटांत बाहेर पडू बघतात आणि दुसरे तासभर त्यांना बाहेर पडू देत नाहीत. या दुसऱ्या जमातीला पर्यटनाच्या धंद्यात ‘स्मॉल ग्रुप’ म्हणतात.

स्मॉल ग्रुप म्हणजे जास्तीत जास्त बारा माणसं, असं जाहिरातीत लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. असे किती स्मॉल ग्रुप एकाच वेळी त्याच बोळात उभे असतील, ते मात्र जाहिरातीत नसतं. सकाळी दहाच्या सुमाराला मेर्कादो सेंत्राल या मुख्य बाजाराच्या दारात लाल छत्री, पिवळी छत्री, काठीला बांधलेला रुमाल असं एकेक निशाण घेऊन गाइड उभे राहतात. या सगळ्या लहान लहान गटांची बेरीज केली, तर आपल्याकडे त्याला मोर्चा म्हणतात आणि आधी पोलीस चौकीत अर्ज द्यावा लागतो.

हे गट आलेले असतात ते पाएया हा तिथला प्रसिद्ध भात शिकवणाऱ्या वर्गाला, आणि त्या वर्गाचा कार्यक्रम ठरलेला. आधी बाजारफेरी, मग चालत जुन्या गावातल्या स्वयंपाकशाळेत, तिथे एप्रन, एप्रनमधला फोटो, सांग्रिया म्हणजे फळं घातलेली वाइन, भात, भाताचा फोटो आणि शेवटी प्रमाणपत्र. दर माणशी साठ-सत्तर युरो, म्हणजे सहा-सात हजार रुपये. ‘एवढ्यात घरी महिन्याची भाजी येते’ हे वाक्य प्रत्येक मराठी जोडप्यातला एक जण म्हणतोच. पण पैसे भरून झाल्यावर.

आमच्या गटात ठाण्याचे एक काका-काकू होते. २०११ साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ आला, तेव्हापासून आपल्या लोकांना या प्रांतातलं बुन्योल गाव आणि तिथली टोमॅटोफेक माहीत झाली. तेव्हा टोमॅटो फेकायची स्वप्नं पाहणाऱ्यांची आता पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले. म्हणून तोच टोमॅटो किसायला ते शेजारच्या व्हॅलेन्सियात येतात.

बाजार देखणा आहे यात वाद नाही. १९२८ मध्ये उघडलेली ही इमारत लोखंडाची, काचेची आणि रंगीत फरश्यांची. वर घुमट आणि घुमटावर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबड्याऐवजी चक्क राघू बसवलेला. शेजारच्या सांतोस हुआनेस चर्चच्या माथ्यावरही असाच एक पक्षी आहे आणि त्याची एक जुनी आख्यायिका आहे. गरीब आईबाप पोराला घेऊन गावाहून इथे यायचे, ‘तो पक्षी बघ, नजर हलवू नकोस’ असं सांगायचे आणि पोर मान वर करून उभं असताना गर्दीत नाहीसे व्हायचे. पुढे कुणी दुकानदार त्या पोराला कामाला ठेवून घ्यायचा. ब्लास्को इबान्येस या व्हॅलेन्सियाच्याच कादंबरीकाराने १८९४ च्या ‘आरोस इ तार्ताना’त ही हकिगत वापरली आहे. गाइड आजही तो पक्षी दाखवते, बाराच्या बारा माना वर होतात आणि तेवढ्यात व्हॅलेन्सियाच्या आज्या बाजूने सटकून मासळीच्या गाळ्यावर नंबर लावतात. परंपरा टिकतात त्या अशा.

आत गेल्यावर पहिला आघात हात न लावण्याचा. गाळेवाला स्वतः निवडून देतो, गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं. टोमॅटो दाबून आणि भेंडीचं टोक मोडून बघणं हा ज्यांचा जन्मसिद्ध हक्क, त्या काकूंचा हात तीनदा पुढे गेला आणि तीनदा गाइडने ‘सेन्योरा!’ म्हणून मागे घ्यायला लावला. चौथ्या खेपेला काकूंनी हात पर्समध्येच ठेवला. पुढच्या गाळ्यावर टबात जिवंत वाम वळवळत होती, त्याच्या पलीकडे सोललेला ससा डोक्यासकट टांगलेला. निम्म्या गटाने फोटो काढले, निम्म्याने छताच्या कारागिरीचं कौतुक सुरू केलं. काकू एकदम खुलल्या त्या एका पांढऱ्या, चपट्या, भल्यामोठ्या दाण्यापाशी. गाइड त्या ‘गारोफो’वर भक्तिभावाने बोलत होती. हा दाणा या मातीतला, तो नाही तर पाएया नाही. काकूंनी वळून काकांना सांगितलं, “अहो, ही तर आपली डबल बी!” काका म्हणाले, “अगं, हळू. सत्तर युरो दिलेत.”

बाराजणांनी मिळून बाजारात किती खरेदी केली? गाइडने एक ससा, एक कोंबडी आणि दोन मुठी शेंगा घेतल्या. बाकीच्यांनी तासाभरात प्रत्येक गाळ्याचे सर्व बाजूंनी फोटो घेतले. मासे विकणारी बाई आमच्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर समजायला स्पॅनिश यावं लागत नाही. बार्सिलोनाच्या बोकेरिया बाजाराने २०१५ मध्येच शुक्रवार-शनिवारी दुपारपर्यंत १५ आणि त्याहून जास्त पर्यटकांच्या गटांना दार बंद केलं. बाराचा गट किती दूरदृष्टीने ठरवलेला असतो, हे यावरून कळावं.

यानंतर धर्मशास्त्र. पाएया हा भाताचा प्रकार आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी व्हॅलेन्सियात ते मोठ्याने बोलू नये. तिथल्या तांदळाच्या मानांकन मंडळाने अस्सल पाएयाचे दहा घटक जाहीर केलेले आहेत. कोंबडी, ससा, चपटा घेवडा, गारोफो, टोमॅटो, ऑलिव्ह तेल, केशर, तांदूळ, मीठ आणि पाणी. पाणी मोजलंय म्हणून हसू नका, कारण पाणीही व्हॅलेन्सियाचंच हवं असं मानणारे लोक तिथे आहेत. २०१६ साली जेमी ऑलिव्हर या इंग्रज शेफने पाएयात चोरीसो, म्हणजे मसालेदार सॉसेज घातलं, तर अख्खा स्पेन समाजमाध्यमांवर त्याच्या पाठीमागे लागला. त्याच साली मोबाइलमधल्या पाएयाच्या इवल्याशा चित्रात कोळंबी आणि मटार दिसले म्हणून ओरड झाली आणि अ‍ॅपलने मुकाट्याने चित्र बदलून त्यात कोंबडी आणि शेंगा घातल्या. २०२१ मध्ये प्रादेशिक सरकारने पाएयाला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. आता नियमाबाहेरचं काही शिजवलंत तर ते ‘आरोस कोन कोसास’, म्हणजे भात आणि त्यात काहीबाही. पोलीस येत नाहीत, पण शेजारी येतात.

आता हे ‘अस्सल’ प्रकरण जरा जवळून पाहू. व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचं मोठं सरोवर आहे आणि भोवती भाताची खाचरं. अरबांनी आणलेला तांदूळ तिथे आजही पिकतो. पाएया जन्मली ती या खाचरांत राबणाऱ्यांच्या चुलीवर, हाताला लागेल ते घालून. त्या हाताला लागणाऱ्या गोष्टींत खाचरातला पाणउंदीरही असे. ब्लास्को इबान्येसच्याच १९०२ च्या ‘कान्यास इ बारो’त आल्बुफेराकाठच्या लोकांचं हे खाणं आलेलं आहे. आमच्या वर्गात अस्सल पाएया शिकायला आलेल्या बाराजणांपैकी एकानेही उंदराची चौकशी केली नाही. अस्सलपणा किती मागे न्यायचा, ते गिऱ्हाइकाच्या पचनशक्तीवर ठरतं.

पुढे किती आणायचा, तेही तसंच ठरतं. व्हॅलेन्सियाच्या कित्येक घरांत आज भाताला पिवळा रंग येतो तो केशराने नव्हे, खाण्याच्या रंगाच्या पुडीने. केशर महाग आणि रंग तसाच येतो, हा तिथल्या गृहिणीचा साधा हिशेब. वर्गात मात्र केशराची डबी दागिन्यासारखी उघडली जाते आणि प्रत्येकाच्या नाकाखालून फिरते. म्हणजे व्हॅलेन्सियातले लोक घरी जे करतात ते पर्यटकाला चालत नाही आणि पर्यटकाला जे अस्सल म्हणून दिलं जातं ते व्हॅलेन्सियातल्या लोकांना रोज परवडत नाही. त्यातून पाएया हे तिथलं रविवारच्या दुपारचं घरगुती जेवण, आणि रविवारी मेर्कादो सेंत्राल बंद. त्यामुळे बाजारफेरीसकट अस्सल रविवार साजरा करायचा तर तो मंगळवारी करावा लागतो.

आता प्रत्यक्ष शिजवणं. शेफबाईंनी पसरट, उथळ, दोन कानांची पाएयाची कढई शेगडीवर ठेवली, तेल ओतलं आणि काकूंनी सगळ्या महाराष्ट्राच्या वतीने विचारलं, “कांदा कधी घालायचा?”

खोलीत शांतता पसरली. कांदा घालत नाहीत. कांद्याने पाणी सुटतं, भात मऊ पडतो. ज्या समाजाचा स्वयंपाक ‘आधी कांदा परतून घ्या’ या मंत्राने सुरू होतो, त्याच्यावर याहून मोठा घाला दुसरा नाही. सावरायच्या आत दुसरा घाव बसला. झाकण नाही. “वाफेवर लवकर होईल,” काकू म्हणाल्या. लवकर व्हायचंच नाहीये, शेफबाई म्हणाल्या.

बाकी कृती खरोखर बघण्यासारखी आहे आणि उपहासाच्या सदरातही तसं मान्य करायला हरकत नाही. मीठ लावलेलं मांस घाई न करता तांबूस होईतो परतायचं. ते कडेला सारून मधे शेंगा. मग किसलेला टोमॅटो. तिखटाची पूड आली तर काही सेकंदच, नाहीतर ती जळून कडू होते. मग पाणी, आणि त्याला मापाचं भांडं नाही. कढईचे कान ज्या रिबिटांनी ठोकलेले असतात, त्या रिबिटांपर्यंत पाणी. बराच वेळ उकळल्यावर तांदूळ, तोही पाण्यातून वर डोकावेल असा एका सरळ बांधासारखा ओतायचा, एकदा सारखा पसरायचा आणि त्यानंतर चमच्याला हात लावायचा नाही. आधी मोठी आच, मग बारीक, मिळून अठराएक मिनिटं. ढवळलं की पिठूळपणा सुटतो, दाणा चिकटतो आणि तळाची सोनेरी खरवड, जिला ते सोकारात म्हणतात आणि जिच्यासाठी घरात भांडणं होतात, ती धरतच नाही.

ही अठरा मिनिटं म्हणजे वर्गातली खरी परीक्षा. बाराही माणसं आपापल्या देशात दुसऱ्याच्या कामात चमचा घालून मोठी झालेली. काका ठाण्यातल्या सोसायटीचे माजी सेक्रेटरी. त्यांना एवढा वेळ नुसतं उभं राहून काहीतरी आपोआप नीट होताना बघायची सवयच नव्हती. त्यांनी आचेबद्दल एक सूचना केली, पाण्याबद्दल दुसरी केली आणि तिसरी सुचायच्या आत शेफबाईंनी त्यांच्या हातात सांग्रियाचा पेला दिला. वर्गात सांग्रिया का असते, ते तेव्हा कळलं.

व्हॅलेन्सियात रविवारची पाएया बहुधा पुरुष करतात, असं शेफबाईंनी सांगितलं. अंगणात संत्र्याच्या लाकडांवर, मित्रमंडळींसमोर, टाळ्या घेत. काकू म्हणाल्या, “आमचेही वर्षातून एकदा मटण करतात. ओट्याला दोन दिवस वास येतो.” कुणाला मराठी समजत नव्हतं, तरी वर्गातल्या सगळ्या बायका हसल्या.

जेवण मात्र झकास झालं. कढईतूनच, लाकडी चमच्याने, आपापल्या पुढ्यातला त्रिकोण खायचा आणि शेजाऱ्याच्या हद्दीत घुसायचं नाही. आणि मग आला या सगळ्या उद्योगाचा परमोच्च क्षण. आम्ही उठलो आणि ती करपलेली कढई तिथेच राहिली. शेगडी, सशाची हाडं, बारा पेले, तेलाचे शिंतोडे, सगळं तिथेच. कुणीही कुणालाही ‘एवढं आवरून जा’ म्हणालं नाही. ज्या स्वयंपाकात भांडी घासायची नसतात त्याला स्वयंपाक म्हणत नाहीत, अनुभव म्हणतात. सत्तरातले निदान चाळीस युरो या एका गोष्टीचे असावेत आणि ते वाजवी आहेत.

काकांनी जाता जाता पाएयाची मोठी कढई विकत घेतली. ती ठाण्याच्या गॅसवर ठेवली की ज्योत मधल्या वीतभर भागालाच लागते. मधे कोळसा, कडेला कच्चा तांदूळ. व्हॅलेन्सियात यासाठी रुंद, गोल, वेगळी शेगडी असते, ती ठाण्याच्या ओट्यावर नसते. त्यामुळे कढई प्रमाणपत्राशेजारी भिंतीवर लागणार, हे उघड आहे. घरची भाजी पूर्वीसारखीच अ‍ॅपवरून दहा मिनिटांत येणार आणि स्टेशनजवळच्या मंडईत काका पाऊल टाकणार नाहीत, कारण तिथे फार गर्दी असते, चिखल असतो आणि लोक मधेच उभे राहतात.

तरीही जायचं असेल तर जरूर जा. फक्त एवढं करा. बाजारात ज्या गाळ्याचा फोटो काढाल, त्या गाळ्यावरून निदान पाव किलो काहीतरी विकत घ्या. संत्री घ्या, बदाम घ्या, गारोफो घ्या. तो गाळा त्या बाईचं पोट आहे आणि लाइक्सवर तिचं भाडं भागत नाही. आणि तुमच्या मागे चाकांची पिशवी घेऊन एखादी आजी उभी असेल, तर बाजूला व्हा. तिला दुपारचा स्वयंपाक करायचाय, आणि भांडीही तिलाच घासायची आहेत.