दादासर

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं की वर्षाला १२० तास समाजासाठी द्यावे लागतात. एवढे तास नुसती रोपं लावून भरत नाहीत. मग कार्यक्रम अधिकाऱ्यांना महानगरपालिकेची शाळा आठवते. ती कॉलेजच्या जवळ असते, कुणाला नाही म्हणत नाही आणि वर चहा देते. म्हणून ऑगस्टच्या सुमारास आमच्या वर्गाच्या दारात एक दादासर येऊन उभा राहतो. दादा म्हणावं की सर, यावर मुलांनी वेळ न घालवता दोन्ही ठेवून घेतलं आहे.

मी बरेच पाहिले. पण वर्णन करायचं तर २०२३ सालचा घ्यावा, सगळे गुण त्याच्यात एकवटले होते. एफवाय बीकॉम. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, सॅकमध्ये स्केचपेनांचं पाकीट, पेपर क्लिपा आणि एक अख्खा प्लॅन. आल्या आल्या त्याने विचारलं, "मॅम, लर्निंग लॉस किती आहे?" टाकीत पाणी किती आहे हे विचारावं तसं. मी म्हटलं, "पटावर ३८ आहेत, आज ३१ आलेत. बाकीचं तुम्हीच मोजा."

त्याने मोजलं. ही मोजदाद आता साऱ्या देशात एकाच पद्धतीने चालते. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीने २००५ पासून ती रुळवली. मुलाला एकेकट्याला बोलवायचं, कागद पुढे धरायचा आणि तो अक्षरावर अडतो, शब्दावर, परिच्छेदावर की गोष्ट वाचून दाखवतो ते बघायचं. गणितात अंकओळख, मग हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. पद्धत उत्तम आहे. फक्त तिने एक गोष्ट गृहीत धरली आहे, की मुलाला परीक्षा कशाची आहे ते कळत नाही.

आमच्या मुलांना कळतं. शाळा उघडल्यापासून त्यांना इतक्या लोकांनी तपासलंय की तेवढं दवाखान्यात कुणाला तपासत नसतील. सेतू अभ्यासक्रम होता, त्याच्या चाचण्या झाल्या. मग विभागाची पाहणी, मग एक संस्था, मग बीएडचे छात्राध्यापक, मग दादासर. मुलांना अनुभवाने ठाऊक झालंय की 'गोष्ट' गटाला वर्गात बसून प्रश्नांची उत्तरं लिहावी लागतात आणि 'अक्षर' गटाला पिंपळाखाली नेऊन चित्रांची कार्डं खेळायला देतात. त्यामुळे माझी मॉनिटर, जी मोठ्या बाईंनी फिरवलेलं सूचनापत्रक माझ्याआधी वाचून मला त्यातला मुद्दा सांगते, ती दादासरच्या कागदासमोर कपाळाला आठ्या घालून "घ… घ… घराचा घ?" करत बसली होती. मागे उभ्या असलेल्या चौघांनी तिच्याकडे बघून आपापली पातळी ठरवली. मी काही बोलले नाही. बाईंनी दर वेळी खरं बोललंच पाहिजे असं सेवाशर्तींत कुठे लिहिलेलं नाही.

दादासर हादरला. संध्याकाळी त्याच्या स्टेटसला पिंपळाखालच्या पोरांचा पाठमोरा फोटो आणि खाली तुटलेलं हृदय.

हादरण्यासारखं नव्हतंच असं मात्र नाही. ही चौथी म्हणजे जून २०२०ची पहिली. यांना शाळेचा पहिला दिवस मिळालाच नाही. 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' अशी घोषणा होती. तिचा पहिला अर्धा भाग आम्ही तंतोतंत पाळला. खालच्या वर्गांचं कुलूप निघायला २०२१चा डिसेंबर उजाडला आणि लगेच जानेवारीत ओमायक्रॉनने ते परत लावलं. घरात एक फोन, तो पप्पांबरोबर कामावर. पहिली गेली, दुसरी बरीचशी गेली आणि तिसरीच्या पुस्तकात तर या दोन्ही इयत्ता येत असल्याचं धरलेलं.

आता गंमत अशी, की दादासरही त्याच वर्षाचा. तो २०२१ला दहावी झाला. परीक्षा रद्द, नववीचे गुण आणि शाळेने दिलेले गुण मिळून निकाल, आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. याला ९१ मिळाले. घरच्यांनी पेढे वाटले आणि शेजारच्यांनी पेढा तोंडात टाकता टाकता "यंदा सगळेच पास, नाही का?" असं विचारलं. तो पेढा याला अजून पचला नव्हता. चहाच्या वेळी त्याने मला हे हसत हसत सांगितलं, पण दोनदा सांगितलं. "मॅम, मी खरंच अभ्यास केला होता." मी म्हटलं, "केला असशील रे." मी पडले बाई, ९१चा दाखला माझ्याकडे कोण मागणार!

शिकवायला लागल्यावर त्याचा प्लॅन पहिल्याच आठवड्यात आटोपला. फळ्यावर त्याने ७९ लिहिले आणि "हे सेव्हन्टी नाइन" म्हणाला. मराठीत काय, असं मागच्या बाकावरून आलं. दादासर थांबला. "सत्तर… नाही, एकोण… एकोणसत्तर?" वर्ग एका सुरात ओरडला, "एकोणऐंशी!" २०१९ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचायची सोपी वाट दिली तेव्हा विधानसभेपर्यंत टिंगल झाली होती. नववीतल्या दादासरनेही तेव्हा विनोद पुढे ढकलले होते म्हणे. आता तो घरी जाऊन एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतचे सगळे एकोण पाठ करून आला.

पण खरी मजा वजाबाकीची. भाजीवाल्याचा एक मुलगा आहे, पाटीवर ५२ वजा १७ केले की उत्तर ४५. सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. मोठ्यातून लहान काढायचं, वर कोण आणि खाली कोण ते बघायचं नाही. दादासरने तीनदा समजावलं, तिन्ही वेळा ४५. शेवटी वैतागून म्हणाला, "गिऱ्हाईकाने बावन्न रुपये दिले, सतराची मेथी घेतली, परत किती देशील?"

"पस्तीस."

"मग इथे पंचेचाळीस कसे?"

पोरगं त्याच्याकडे दयेने बघायला लागलं. "दादासर, ते गाड्यावरचं आहे. हे वहीतलं."

"पण दोन्ही बावन्नच ना?"

"वहीतला हातचा ऑनलाइनला झालाय. तेव्हा आमचा रिचार्ज संपलेला."

दादासर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझी ट्रिग्नॉमेट्री पण ऑनलाइनलाच झालीय." दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू दोन बुडीत खातेदार एकाच बँकेच्या दारात भेटले असावेत.

दुसऱ्या दिवशी त्याने खेळातल्या नोटा आणल्या. दहाची नोट मोडायची, सुट्टे घ्यायचे, मग द्यायचे. भाजीवाल्याच्या पोराने मोडायच्या आधी नोट उजेडात धरून पाहिली आणि "ही चालणार नाही" म्हणून परत केली. पण ५२मधून १७ गेले ३५, हे त्या दिवशी वहीतही झालं. मला हे करता आलं नसतं अशातला भाग नाही. मीही डीएड करताना हेच शिकले. पण माझ्यापुढे ३८ असतात, टेबलावर यू-डायसची माहिती अर्धवट पडलेली असते, पोषण आहाराची नोंद व्हायची असते आणि निवडणूक जवळ आली की मतदार याद्या. दादासरकडे एका पोराच्या एका चुकीपाशी फरशीवर मांडी घालून बसायला अख्खा तास असतो. शिवाय चूक कशी होते हे त्याला अजून आठवतं. माझं ते पुसलं गेलंय.

फोटोचं मात्र सांगायलाच हवं. कॉलेजच्या नॅक मूल्यांकनासाठी प्रत्येक उपक्रमाचा फोटो लागतो आणि त्याच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ उमटलेली लागते. पहिल्या दिवशी दादासर लाजत लाजत मोबाईल काढत होता. दिवाळीनंतर मुलंच आठवण करायला लागली, "दादासर, आधी फोटो घ्या, मग खिचडी सुटते." उंच मागे, बुटके पुढे, पुस्तकं उघडी, एकाचं बोट ओळीवर. हा अभिनय त्यांना कुणी शिकवला असेल तर तो आम्हीच.

त्याचे १२० तास जानेवारीत भरले. मी वहीत दाखवलं. "हो का?" म्हणाला आणि फळ्यावर भागाकार मांडला.

फेब्रुवारीत अंतिम चाचणी. तोच कागद, तीच खुर्ची. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत पिंपळाखाली मॉनिटरने सभा घेतल्याचं मला नंतर कळलं. विषय एकच, दादासरला कॉलेजात मार्क चांगले पडले पाहिजेत. त्यामुळे सुरुवातीला 'घराचा घ' करणारी मॉनिटर गोष्ट वाचून थांबली नाही. तिने शेवटी तात्पर्यही सांगितलं, कागदावर नव्हतं तरी. चौघे मागोमाग 'गोष्ट'. खरोखर अडखळणाऱ्या दोघांच्या कानाशी मागून कुजबूज होत होती. दादासरने पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागला. भाजीवाल्याच्या पोराला मात्र कुणी मदत केली नाही. त्याने तीन अंकी संख्येला एका अंकाने भागलं, बाकी उरली ती गोलात लिहिली आणि ती बाकी गाड्यावर कुणाला सोडायची नसते, हेही सांगितलं.

आलेख असा चढला की प्रोफेसरांनी तो सूचनाफलकावर लावला म्हणे. त्यातली खरी वाढ किती आणि प्रेमापोटी झालेली किती, हे वेगळं काढणारी चाचणी अजून निघालेली नाही. मोठ्या बाईंनी प्रमाणपत्रावर सही केली, शिक्का उमटवला. दादासरने जाताना मला पहिल्यांदाच 'मॅम' न म्हणता 'बाई' म्हटलं आणि नमस्कार करायला वाकला, तेव्हा सॅकमधून खेळातल्या नोटा सगळ्या वर्गात पसरल्या. त्या गोळा करण्यात शेवटचा तास गेला. दहाच्या तीन कमी भरल्या. कुणी घेतल्या ते मला माहीत आहे.

फाटकापर्यंत त्याला पोहोचवून मुलं परत आली. मॉनिटर माझ्या टेबलाशी आली, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "बाई, पाचवीलाही नवीन दादासर येणार ना? मग परत अक्षरालाच बसायचं का आम्ही?"