मंडईतली एकच फेरी

आठ ओळींचा सी प्रोग्रॅम. काम एवढंच, की आकड्याचं वर्गमूळ काढायचं. दुपारी त्यात २ हा आकडा मी स्वतःच लिहून ठेवला होता, तेव्हा तो गुणी मुलासारखा चालला. संध्याकाळी आकडा कीबोर्डवरून घ्यायला लावला आणि पडद्यावर उमटलं, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. वर्गमूळ नावाचं इथे कुणी राहत नाही, असा एकूण सूर. दुपारचं गौडबंगाल मागाहून कळलं. आकडा आधीच ठाऊक असल्यामुळे कंपायलरने उत्तर परस्पर तोंडी काढलं होतं. गणिताच्या लायब्ररीचं दार वाजवायची वेळच आली नव्हती.

पण त्या लायब्ररीचं नाव तर मी दिलं होतं! ‘मायनस एल एम’, तेही आज्ञेच्या अगदी आरंभी, लग्नपत्रिकेत कुलदैवताला देतात त्या मानाने. नेमकं तेच नडलं. स्टॅटिक लायब्ररी म्हणजे सुट्या ऑब्जेक्ट फाइलींचं गाठोडं. ते बांधणारा ‘एआर’ १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलातही आहे. आत प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर ६० बाइटांची चिठ्ठी असते, नाव, तारीख, आकार वगैरे. आजी लोणच्याच्या बरण्यांवर चिकटवायची तशी. प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा लिंकर या गाठोड्याशी येतो तो हातात यादी घेऊन. त्या क्षणी यादीत जे अडलेलं असेल तेवढ्याच्याच फाइली उचलतो आणि पुढे चालू लागतो. माझा प्रोग्रॅम त्याला भेटण्याआधीच लायब्ररी मागे पडली होती. तेव्हा यादीत वर्गमूळ नव्हतंच.

अण्णा मंडईत असेच जायचे. डावीकडून शिरायचे, उजवीकडून बाहेर पडायचे, मधे मागे वळणं नाही. कोथिंबिरीच्या दोन काड्या हव्या असल्या तरी जुडी घ्यावी लागते, तशी लिंकरलाही एका फंक्शनपायी त्याची अख्खी फाइल घरी आणावी लागते. अण्णांची त्याबद्दल तक्रार नसे. पंचाईत व्हायची ती वांग्यांनी. वांगी पिशवीत पडली की मसाल्याला कोथिंबीर हवी, आणि कोथिंबीरवाली तर दारातच मागे राहिलेली. “मागे फिरायला काय झालं होतं?” असं आई विचारायची. “यादीत नव्हतं,” अण्णा शांतपणे सांगायचे. दोन लायब्रऱ्या एकमेकींवर विसंबून असल्या की लिंकरही तेवढ्याच शांतपणे हात वर करतो. मग पहिलीचं नाव शेवटी पुन्हा लिहायचं. तो निमूट परत जातो.

‘मायनस एल एम’ मी ओळीच्या शेवटी नेऊन ठेवलं. १.४१४२१४.

परवा माळ्यावरची पिशवी झटकताना आईच्या अक्षरातली एक चिठ्ठी पडली. कोथिंबीर, आलं, वांगी पाव किलो, आणि तळाशी, जरा ठसठशीत, पुन्हा कोथिंबीर.